पहारेवाली मावशी आणि उघडं देऊळ

ये गं, अशी जवळ बैस. नाताळची मिस्सा संपली की लगेच रिक्षा पकडतेस, ही काय रीत झाली? ज्या दारातून पळतेस, ते भरदुपारीही उघडं का असतं, एवढं तरी ऐकून जा.

आपल्या अंबरनाथच्या या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, एक बाई होत्या. सगळे त्यांना पहारेवाली मावशी म्हणत. त्यांच्या मते जगात माणसं दोनच प्रकारची. "एक ज्यांनी चोरी केली, आणि दुसरी ज्यांना अजून जमली नाही!"

तेव्हा, म्हणजे ऐंशीच्या दशकात, देऊळ म्हणजे कारखान्याच्या कॉलनीमागची पत्र्याची शेड. फादर रविवारी कल्याणहून यायचे. एकदा वेदीवरची पितळी घंटा गेली, तेव्हापासून चावी मावशींच्या कमरेला. केरळचं एक कुटुंब नवं आलं, तर त्यांना दारातच अडवलं. "आपले ना? मग नमो मरियाची प्रार्थना म्हणा." त्यांनी बिचाऱ्यांनी मल्याळीत म्हटलं. मावशींनी डोळे मिटून ऐकलं. "शब्द कळत नाहीत मेले, पण थांबायचं तिथेच थांबतात. या आत."

नव्वदीत पक्कं देऊळ झालं आणि नवे फादर म्हणाले, दार दिवसभर उघडं राहील. मावशी भर मिस्सेत उठल्या. "मरियामाउलीची मूर्ती गेली, तर शेजारच्या सिंधी वस्तीत, कॅम्प तीनच्या बाजारात शोधत तुम्ही फिरणार का?"

"महिनाभर बघू," फादर म्हणाले. "काही गेलं, तर कुलूप तुमचंच."

मग काय, मावशी रोज दुपारी शेवटच्या बाकावर. जपमाळेचे मणी कमी सरकायचे, डोळे जास्त. सोबतीला मी. एका दुपारी एक सिंधी बाई आली, चपला बाहेर काढून. मावशींनी मला कोपर मारलं. "चपला काढल्या, आपली नव्हे; आपले लोक घालूनच आत येतात. ओढणीखाली बघ, काहीतरी लपवलंय."

ओढणीखालून निघालं तापाने फणफणलेलं लेकरू. "माँ, इसको देख ले," म्हणत बाई माउलीपुढे रडायला लागली. मावशी ताडकन उठल्या. मला वाटलं, आता हाकलतात. तर त्या बाहेर जाऊन पायरीवर बसल्या, तिच्या चपलांशेजारी.

महिना सरला. फादरांनी विचारलं, "काय मावशी, कुलूप?"

"नको. पण विश्वास बसलाय असं समजू नका. लोक चपला काढून आत जातात, त्या उचलायला कितीसा वेळ लागतो?"

पुढे मुलाने त्यांना वसईला नेलं. टेम्पोत बसताना माझा हात घट्ट धरला. "डोळ्यांत तेल घालून बस. आणि फादरांवरही लक्ष ठेव. चांगला माणूस आहे, कोणीही फसवेल." तिकडेच देवाघरी गेल्या त्या.

आता दुपारी मी बसते. एकटीला फार कंटाळा येतो गं. नाताळची वाट नको बघूस. याच आठवड्यात ये, पायरीवर दोघींपुरती सावली असते.