तोंड बंद ठेवण्याची अट

तारवाल्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. जमिनीखालून इंटरनेटची फायबर केबल टाकण्याची कंत्राटं तो घ्यायचा, आणि कुठल्या रस्त्याखाली काय दडलंय हे कुणी न विचारताच सांगत सुटायचा. बायको म्हणायची, "यांना भूल दिली तरी हे डॉक्टरला पुढची गोष्ट सांगतील." अशा माणसालाच तोंड बंद ठेवायची अट पडावी, हा नशिबाचा चावटपणा म्हणायचा. पण पडली खरी, आणि तीसुद्धा छापील.

त्याच्या समोरच्या, खाली दुकान आणि वर खोली अशा घरात शिवणकामवाली मावशी राहायची. नातं रक्ताचं नव्हतं. लहानपणी आई दिवसभर कामावर असायची, तेव्हा शाळेतून आलेलं हे पोर मावशीच्या कापड कापायच्या टेबलाखाली बसून अभ्यास करायचं आणि अभ्यासाच्या नावाखाली तिचं डोकं खायचं. मावशी त्याला अजून बडबड्याच म्हणे. त्याच्या लग्नातला कोट तिनेच शिवला होता. बाह्या अंमळ लांब झाल्या होत्या, पण त्याच्यासमोर तसं म्हणायची कुणाची टाप नव्हती.

त्यालाच एकदा आपल्या गल्लीचं काम मिळालं. हल्ली या कामात सगळा रस्ता फोडत नाहीत. या टोकाला एक खड्डा, त्या टोकाला एक खड्डा, आणि मधल्या जमिनीतून यंत्राने आडवं भोक पाडत जायचं. मग त्यातून नारिंगी पाइप ओढायचा आणि पाइपातून केबल. पाण्याच्या, गॅसच्या, विजेच्या लाइनी आधी रंगाने रस्त्यावर आखून मिळतात. सांडपाण्याचे जुने मातीचे पाइप मात्र कुठल्याही नकाशात धड सापडत नाहीत. म्हणून काम झालं की प्रत्येक घराच्या गटारात कॅमेरा सोडून बघायचं असतं, की आपला पाइप त्यातून तर घुसला नाही ना.

तारवाल्याने घरोघरी बघितलं. फक्त मावशीच्या गटाराचं झाकण दुकानात, त्या टेबलाखालीच होतं, आणि टेबलावर लग्नाच्या कपड्यांचा डोंगर.

"हलवू का रे हे सगळं?" मावशीने विचारलं.

"राहू दे गं. तुला कशाला ताप?" तो म्हणाला.

अगदी मायेने म्हणाला. आळसाने म्हणाला असता तर पुढे त्याला एवढं लागलं नसतं.

नारिंगी पाइप नेमका मावशीच्या सांडपाण्याच्या पाइपातून आरपार गेला होता. बाजूने पाणी जायला जागा होती, म्हणून कित्येक महिने कुणाला काही कळलं नाही. हळूहळू कचरा अडकत गेला आणि एका दुपारी दुकानात घाण पाणी उलटं वर आलं. कपडे वाचवायला मावशी धावली, घसरली आणि उजवं मनगट मोडून बसली. तारवाल्यानेच तिला स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. वाटभर तो तिला हसवत होता, कारण हा प्रताप आपला आहे हे त्याला तेव्हा ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी गटार साफ करणाऱ्याने आत कॅमेरा सोडला. पडद्यावर नारिंगी रंग दिसला, आणि तारवाल्याच्या पायाखालची जमीन सरकली.

कामात दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरून देणारा विमा त्याने काढला होता. त्याने आधी त्या विम्याच्या एजंटला कळवलं आणि तसाच मावशीकडे निघाला. एवढ्यात एजंटचा उलट फोन आला.

"कुठे निघालात?"

"कुठे म्हणजे? तिचे पाय धरायला."

"थांबा! पॉलिसीत अट आहे. कंपनीला विचारल्याशिवाय समोरच्यापुढे चूक कबूल करायची नाही. तुम्ही 'माझं चुकलं' म्हणालात की कंपनी हात वर करायला मोकळी."

"अहो, पण चुकलंच आहे! मी तिथे कॅमेराच घातला नव्हता."

"ते मला सांगा, चौकशीला माणूस येईल त्याला सांगा. आमच्यापासून काहीच लपवू नका. माणसं चुकतात म्हणून तर विमा असतो. फक्त त्यांच्यापुढे बोलू नका. आणि कंपनीने नाही म्हटलं तर त्यांची भरपाई तुम्ही करणार आहात का?"

कुठून करणार? यंत्राचेच हप्ते चालू होते. मावशीच्या हाताचं ऑपरेशन, लोकांचे नासलेले कपडे, बंद पडलेलं दुकान, एवढं त्याने सात जन्मांत फेडलं नसतं. म्हणजे बोलला तर मावशी उघड्यावर आणि न बोलला तर मावशीच्या मनातून उतरणार. इकडे आड, तिकडे विहीर. तो दारातूनच मागे फिरला.

"अहो, हळूच कानात सांगा ना त्यांच्या," बायको म्हणाली.

"आणि उद्या वकिलाने तिला विचारलं तर? ती खोटं बोलेल?"

मावशी शिवणीत टाका लपवायची, पण बोलण्यात काही लपवत नसे. आणि आपण गप्प का आहोत हे सांगायला जावं, तर तीही कबुलीच होत होती.

मग त्याने चोरासारखं जगायला सुरुवात केली. गाडी पलीकडच्या गल्लीत लावायची. मागच्या दाराने बाहेर पडायचं. समोरची खिडकी बंद, पडदा ओढलेला, घरात भर दिवसा दिवा. कामावरही तो बोलेनासा झाला, तेव्हा माणसांना वाटलं साहेबांना काहीतरी मोठा आजार झालाय. गल्लीला मात्र तसलं काही वाटलं नाही. माजलाय, असं गल्लीचं मत पडलं, आणि त्याला ते खोडता येईना. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

एका संध्याकाळी मावशी स्वतःच आली. प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवलेला.

"बडबड्या, भांडायला नाही आले मी. गटारवाल्याने मला सगळं दाखवलंय. फक्त तुझ्या तोंडून ऐकायचंय."

"मावशी, कंपनीचा माणूस उद्या येणार आहे. तो बघेल सगळं."

"मी कंपनीला विचारलं का?"

तो फरशीकडे बघत राहिला. आत बायकोने उगाचच नळ मोठा सोडला. मावशी "बरं" म्हणाली आणि डाव्या हाताने चाचपडत कडी काढू लागली. तो मदतीलाही उठला नाही. उठला असता तर बोलून गेला असता. त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही. स्वतःची एवढी लाज त्याला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

चौकशा झाल्या, कागद फिरले, आणि अखेर मावशीला भरपाई मिळाली. पूर्ण मिळाली. दुकानात नवी फरशी बसली. एजंटने फोन केला, "सुटलात! आता काय बोलायचं ते बोला." तारवाला अनवाणीच धावत गेला.

मावशी मशीनवर बसली होती. मनगट जुळलं होतं, पण पूर्ण वळत नव्हतं, म्हणून कापड ती डाव्या हाताने सरकवत होती. त्याने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. कॅमेरा, टेबल, 'तुला कशाला ताप', सगळं. मावशीने मशीन थांबवलं.

"आता पैसे मिळाले, तेव्हा आठवलं होय रे?"

"तसं नाही गं. अट होती. तेव्हा बोललो असतो तर तुला पैसे मिळाले नसते."

"तेव्हा बोलला असतास, तर मी मागितलेच नसते."

हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. 'असू दे रे, झालं गेलं' म्हणून तिने त्याला जवळ घेतलं असतं आणि मोडका हात घेऊन बंद दुकानात उपाशी बसली असती. तिच्या त्या 'असू दे'लाच तर तो घाबरला होता. पण हे तिला कुठल्या तोंडाने सांगणार? सांगितलं तर हात मोडून वर उपकार ठेवल्यासारखं झालं असतं.

आता बोलायला कुणाची मनाई नव्हती. मावशी त्याच्या तोंडाकडे बघत होती. तो काहीच बोलला नाही, तेव्हा तिने पुन्हा कापड सरकवलं आणि जाताना दार ओढून घ्यायला सांगितलं.