खंडेनवमीच्या पाटाबाहेरची जोड

आमच्या वडिलांना, म्हणजे आबांना, स्वस्त वस्तूचा भारी तिटकारा. लोणावळ्याच्या बाजारात आमचं फिटरकामाचं दुकान होतं. मी तेव्हा पंचविशीतला, त्यांच्याच हाताखाली. पुण्याच्या जुन्या बाजारातून मी एक काटकोनी जोड जवळजवळ फुकटात आणली होती. ती हातड्रिलच्या तोंडाला लावली की दांडा वरून फिरवायचा आणि भोक आडवं पडायचं. अडचणीच्या जागेत, जिथे ड्रिल मावत नाही, तिथे तिच्यासारखी सोय नव्हती. आत दोन दातेरी चाकं, बाकी सगळा पत्रा. आबांनी ती कानाशी खुळखुळवली आणि म्हणाले, "खेळणं हाय." मला ते फार लागलं.

खंडेनवमीला आम्ही हत्यारं घासूनपुसून पाटावर मांडत असू. हळदकुंकू वाहिलं की दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्यांना कुणी हात लावायचा नाही. त्या वर्षी मी जोडही पाटावर ठेवली. आबांनी ती उचलून खिडकीत टाकली. "ही हत्यारांची पंगत हाय." मी तेव्हाच ठरवलं, हिला पाटावर बसवीन तर खरा.

पूजा आटोपते न आटोपते तोच वराळ्याच्या एक मावशी दारात उभ्या. नवऱ्यामागे ही बाई एकटीने पिठाची गिरणी चालवत होती. इंजिनाचा भिंतीकडचा बोल्ट मोडून त्याचा बुडखा आतच अडकला होता. भिंतीत आणि इंजिनात जागा वीतभर.

"समद्या गावाचं सणाचं गहू माज्या घरात पडल्यात," त्या म्हणाल्या. "आज दळलं न्हाई तर लोक पोती उचलून तळेगावला जातील. मग कोन परत येतंय?"

"ताई, हत्यार उद्या हलंल," आबा म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. "आबा, खिडकीतलं खेळणं हत्यार न्हाई न्हवं? मग त्ये मी नेतो."

आबांनी खिडकीकडे बोट केलं. मग म्हणाले, "ने."

ड्रिल पाटावर होतं, पण जोडीच्या तोंडात भोक पाडायचं एक बारीक पातं आधीचंच अडकलेलं होतं. तेवढ्यावर मी मावशींबरोबर गाडीत बसलो. वराळ्यात त्यांच्या परसातला एक गज वाकवून मी दांडा केला, जोडीला बसवला आणि भिंतीला पाठ लावून आत शिरलो. बुडख्याच्या मधोमध भोक पाडायचं, त्यात चौकोनी खिळा ठोकायचा आणि गिरणीतल्याच पान्याने उलटा फिरवून बुडखा काढायचा, एवढंच काम. पण दुपार झाली तरी भोक बोटाच्या पेराएवढंही झालं नव्हतं. तळहाताला फोड आले. मग कट्‌ झालं आणि एका चाकाचा दाता उडाला. आता प्रत्येक फेऱ्यात जोड एकदा घसरायची. मी तिला आणि आबांना, दोघांनाही शिव्या घातल्या आणि फिरवत राहिलो.

मावशी मधूनमधून तेलाचा थेंब सोडत होत्या. "व्हतंय का रं?" एवढंच विचारायच्या.

दिवस मावळायच्या आत बुडखा निघाला. दुसरा बोल्ट बसवला आणि इंजिन धडधडलं तेव्हा मावशी पदर तोंडाला लावून रडल्या. पहिलं पोतं त्यांनी स्वतः ओतलं. गावातलं एकही पोतं तळेगावला गेलं नाही.

दसऱ्याच्या सकाळी उठलो तर माझी पिशवी उघडी. आबा पाटासमोर बसून जोड रॉकेलने धूत होते. मोडकं हत्यार पूजेत मांडत नाहीत, हा त्यांचाच नियम.

"आबा, तिचा दाता उडालाय," मी म्हणालो.

"दिसतंय मला. कामावर मोडलंय त्ये." त्यांनी तिला कुंकू लावलं. पाटावर जागा नव्हती. "बघतोस काय? माजं ड्रिल सरकव जरा बाजूला."