आत्याचं हॉस्पिटल

माझ्या आत्याची लाँड्री आहे, आणि तिच्या म्हणण्याप्रमाणे एक हॉस्पिटलही आहे. लाँड्री चौकात आहे. हॉस्पिटल सरकारी आहे. दर वर्षी प्राप्तिकर भरून आली की इस्त्रीच्या टेबलाशी उभी राहून ती जाहीर करते, "या वर्षी एक्स-रेच्या खोलीला पडदा." धंदा मंदावून कर थोडाच भरला त्या वर्षी म्हणाली, "नुसता कापूस झाला."

सगळ्यांचा कर एकाच हौदात जातो, त्यातून रस्ते, पूल, शाळा भागवायच्या आणि मग हॉस्पिटलचा नळ, असं बाबांनी तिला कितीदा समजावलं. आत्या म्हणायची, "माझा थेंब मी ओळखते."

बाबा तिचे धाकटे भाऊ. त्यांचा फोटो स्टुडिओ आहे. गिऱ्हाइकाला मान किंचित डावीकडे करायला लावतात आणि पैसे सरळ खिशात टाकतात. पावतीपुस्तक मी आजवर पाहिलेलं नाही. कर भरणं हा भोळेपणा, हे त्यांचं जुनं मत. तेही आत्याच्याच दुकानात, तिचाच चहा पीत मांडलेलं.

शेवटचा शर्ट घेण्याआधीच आत्या इस्त्रीचं बटण बंद करते. उरलेल्या उष्णतेत तो निघतो. रक्तदाबाच्या गोळ्या आणायला हॉस्पिटलात गेली की तिथेही तेच. रिकाम्या खोलीत पंखा फिरतोय, भर उन्हात दिवा जळतोय असं दिसलं, की लगेच बंद. एकदा वॉर्डबॉयने हटकलं, "बाई, तुम्ही कोण?"

"पैसे माझे जातात," आत्या म्हणाली. त्याने बिचकून तिला खुर्ची दिली.

मग बाबांच्या पित्ताशयात खडे निघाले. खासगीतला खर्चाचा आकडा ऐकून त्यांनी आधी पाणी मागितलं आणि मग म्हणाले, आता दुखत नाही. दुखत होतंच. जेवण झालं की भिंत धरून उभे राहायचे.

"सरकारीत चला," आई म्हणाली.

"तिथे ताई येते."

"मग? ताई काय खाणार आहेत तुम्हाला?"

"खाणार नाही. जन्मभर ऐकवेल."

आता उशीर केला तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं तेव्हा कुठे ते भरती झाले. अट एकच, ताईला कळता कामा नये.

दुसऱ्याच सकाळी खिडकीतून ऊन आलेलं असताना वॉर्डातली ट्यूब चालू राहिली, आणि गोळ्यांची पिशवी घेऊन आत्या बटणाच्या दिशेने आत आली. बाबांनी चादर डोक्यावरून ओढली. आत्याने ट्यूब बंद केली आणि थबकली. खाटेखालच्या चपला तिनेच घेऊन दिलेल्या होत्या.

"बाळ्या, चादरीला नीळ जास्त झालीय. तोंडाला लागेल."

बाबांनी चादरीतून तोंड बाहेर काढलं. "बोल ताई. एकदाच काय ते बोलून घे."

"आजारी माणसाला मी बोलत नाही. टाके निघू देत."

थोड्या वेळाने बाबांनी हळूच विचारलं, "इथे कुणी विचारत नाही ना, कर भरता का म्हणून?"

"इथे पोट तपासतात. खिसा नाही." असं म्हणत तिने चादरीची कड सरळ केली. ती आधीच सरळ होती.

ऑपरेशन थिएटरच्या दारावर लाल दिवा लागला तेव्हा आत्या समोरच्या बाकावर बसली होती. तो विझेपर्यंत तिने नजर हलवली नाही. कॉरिडॉरमधले पंखे रिकाम्या बाकांवर फिरत राहिले.

टाके काढायच्या दिवशी ती आमच्याबरोबर आली. बाबा रस्ताभर ऐकायच्या तयारीत होते, पण ती गिऱ्हाइकांच्या कॉलरींबद्दलच बोलत राहिली. टाके निघाले. लिफ्टपाशी आलो तर बाबा मागे वळले. पोटावर हात धरून सावकाश कॉरिडॉरच्या टोकाला गेले आणि उन्हात जळणारा दिवा त्यांनी बंद केला.

आत्या त्यांच्या मागोमाग गेली. तिने बटण दाबून दिवा पुन्हा लावला.

"हा अजून तुझा नाही. आधी भर, मग बंद कर."

आणि मग तिने तो स्वतः बंद केला.

तळमजल्यावर लिफ्टचं दार उघडलं तेव्हा बाबा म्हणाले, "सुरुवात कुठून करायची असते, ताई?"

"पावतीपुस्तकापासून. आणि पहिल्या वर्षी कापूसच होईल, वाईट वाटून घेऊ नकोस."