प्लायच्या टेबलाबद्दल

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला मल्लिनाथचं कौतुक आहे, म्हणून असेल. किंवा तिला माझं कौतुक आहे, म्हणून. बोलायला लागलो की विषय भलतीकडे जातो – मीच नेतो. तुम्ही आम्हा दोघांनाही ओळखत नाही. म्हणून आज तुमच्यापाशी बोलतोय.

मल्लिनाथ मैंदर्गीचा. इंजिनिअरिंगला आम्ही एका खोलीत राहायचो. तो काँक्रीटच्या पेपरात अडकायचा, मी शिकवायचो. पुढे मी पुण्यात मोठ्या कंपनीत गेलो, तो सोलापुरात घरं बांधत राहिला. पन्नाशीला मी सोलापुरात परत आलो आणि दारावर ‘सल्लागार’ अशी पाटी लावली. परत आलो म्हणजे – कंपनीनं जायला सांगितलं. तोवर त्याची स्वतःची फर्म उभी होती. तुम्हाला वाटेल, मला त्या फर्मचाच मत्सर वाटला. थोडा वाटला. पण खरा मत्सर तिचा नव्हता.

एक दिवस तो घरी आला. आजवर दुसऱ्यांनी काढलेल्या नकाशावर तो बांधत होता. आता त्याला डिझाइन-बिल्डची कामं घ्यायची होती. म्हणजे आराखडा आपणच करायचा, बांधायचंही आपणच. बिघडलं तर बोट दाखवायला दुसरं कुणी नाही. पुण्यात मी वर्षानुवर्षं हेच काम केलं होतं. म्हणाला, “दिल्या, येऊन बघ की बे. आमी तयार हाय का न्हाय, तेवढं सांग. तू सांगशील ते करतो.”

तू सांगशील ते करतो. हे वाक्य लक्षात ठेवा.

मी गेलो. यंत्रं बघितली, माणसं बघितली. चार वाजता, त्यांच्या रोजच्या बैठकीला, त्यानं मला मागच्या खोलीत नेलं. तिथं सिमेंटच्या ब्लॉकवर सेंट्रिंगचा, म्हणजे स्लॅब भरताना खाली लावायचा, जुना प्लाय टाकून टेबल केलं होतं. अंगाला काँक्रीटचे डाग तसेच. त्यावर चहा, कागदात शेंगाची चटणी, कडक भाकरी आणि मधोमध एक नकाशा. आराखडे काढणारी राजश्री एका बाजूला, साइट सांभाळणारा इरफान समोर.

इरफान म्हणाला, “मॅडम, तुमच्या जिन्यावरनं उतरलं तर माणूस डायरेक्ट शेजाऱ्याच्या न्हाणीत.”

“मग तुम्ही हितं बसून काढा, इरफानभाई. मी जाते स्लॅब भरायला.”

“जावा की. पण चप्पल बदलून जावा.”

सगळे हसले. ‘जिना हाय तिथंच ठीक हाय’ असं मल्लिनाथ मध्ये बोलायला गेला, तर ती पोरगी त्याला म्हणाली, “सर, तुम्ही जरा गप्प बसा.” आणि तो – मालक – गप्प बसला! तिनं पेन्सिलीनं जिना फिरवला, इरफाननं मान हलवली. मल्लिनाथनं कान धरले. “चुकलं बे माझं. बाईंचं बरोबर हाय.”

खरा मत्सर मला वाटला तो इथं.

कारण पुण्यात मी हे कधीच बघितलं नव्हतं. आमचे डिझाइनवाले एका मजल्यावर, साइटवाले दुसऱ्या गावात, मध्ये पत्रं. चूक दिसली तरी आधी ती कुणाच्या नावावर जाईल हे बघायचं. माझ्या केबिनमध्ये येऊन मला ‘गप्प बसा’ म्हणायची कुणाची छाती नव्हती – आणि मी ते माझं वजन समजत होतो. डिझाइन-बिल्डला काय लागतं, मला पुरतं ठाऊक होतं. काढणारा आणि बांधणारा एकमेकांना तोंडावर ‘चुकलं’ म्हणू शकतात का, एवढंच. बाकी सगळं विकत मिळतं. आणि तेवढंच या माणसाकडे होतं, चटणी-भाकरीसोबत. ज्याला मी शिकवलं, त्याच्याकडे!

मग मी काय केलं?

मी ‘तयार नाही’ म्हणालो. एवढंच असतं तर कदाचित आज बोललोही नसतो. पण त्यानं विचारलं, मग काय करू? मी म्हणालो, ही चारची बैठक बंद कर. हा बाजार आहे, पद्धत नव्हे. डिझाइन विभाग वेगळा कर, वेगळ्या जागेत. साइटच्या शंका लेखी येऊ देत, वरिष्ठांमार्फत. शांतपणे बोललो, मित्रासारखा. एकेक शब्द चुकीचा आहे हे मला माहीत होतं. माहीत होतं, म्हणूनच बोललो.

त्यानं सगळं केलं. जुळे सोलापुरात काचेचं ऑफिस घेतलं, राजश्रीला तिथं बसवलं. प्लायचे तुकडे करून कुठल्या तरी साइटवर पाठवून दिले. पहिलं डिझाइन-बिल्डचं काम मिळालं दुधनीत, धान्याचं गोदाम. खोदताना एका कोपऱ्यात बुजवलेली जुनी विहीर निघाली, भोवती खोलवर काळी माती. इरफाननं ते बघितलं आणि नियमाप्रमाणे लिहून पाठवलं. टेबल असतं तर चार वाजता ओरडला असता. उत्तर येईपर्यंत काम थांबवायची मुभा त्याला नव्हती; ते पत्र राजश्रीच्या हातात पडेपर्यंत पाया भरून झाला होता. पावसाळ्यात माती फुगली. फरशी उचलली, भिंत कोपऱ्यापासून वरपर्यंत चिरली. सुदैवानं आत कुणी नव्हतं. ती बाजू पाडून पुन्हा बांधावी लागली. मला वेळेत कळवलं नाही, असं राजश्री म्हणे; मी लिहून पाठवलं होतं, असं इरफान; दोघे एकमेकांशी बोलेनासे झाले. ती सोडून गेली. मल्लिनाथ पुन्हा दुसऱ्यांच्या नकाशावर बांधायला लागला.

मला आनंद झाला का? हो. एक संध्याकाळ झाला. ती संध्याकाळ मला अजून आठवते.

तो मला भेटायला आला तेव्हा रागावलेला नव्हता. म्हणाला, “तू आधीच सांगितलं हुतंस, तयार न्हाय म्हणून. मीच घाई केली. आमची लायकीच नव्हती बे.” मी काय करायला हवं होतं? मी चहा ओतला.

मागच्या महिन्यात त्याच्या मुलीचा साखरपुडा झाला. मला हाताला धरून त्यानं व्याह्यांसमोर उभं केलं. “हा दिलीप. माझ्या तोंडावर खरं बोलणारा एवढा एकच माणूस हाय मला.” मी नमस्कार केला. त्यांनीही केला.

‘चुकलं माझं’ हे शब्द तो किती सहज म्हणाला होता, त्या टेबलापाशी. कान धरून, हसत. मी घरी आरशासमोर म्हणून बघितले.

मल्लिनाथला मी एक गोष्ट देणं लागतो: तुझी माणसं तयार होती आणि मला ते त्याच दिवशी दिसलं होतं. ती अजून दिलेली नाही.