गुमसिलचं श्राद्ध

थाक गुमसिल बुडून मेली त्याला यंदा चौदा वर्षं झाली. दक्षिण कोरियातल्या इंचॉनमधल्या ज्या खानावळीत ती रोज सकाळी सहापासून डुकराच्या आतड्यांत भात भरते, तिथल्या मालकीणबाईंना, जॉमरेताईंना, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा त्यांच्या हातातली डाव रश्शात पडली.

"अगं बाई! तू मेलीयस? मग गेली तीन वर्षं मी पगार कुणाला देतेय?"

"भुताला," गुमसिल म्हणाली. "म्हणून तर कमी देता."

जॉमरेताई खदखदून हसल्या आणि मग गंभीर होऊन समोर येऊन बसल्या. गुमसिल मात्र हसत हसतच पुढचं सगळं सांगत गेली. तिची ही सवयच होती. रडण्यासारखं काही सांगायचं असलं की तिच्या जिभेला धार यायची.

उत्तर कोरियात दुमान नदीच्या काठी तिचं गाव. वरच्या अंगाला लोखंडाची खाण, खाली नदी, आणि नदीपलीकडे हाकेच्या अंतरावर चीन. तिकडे नदी ओलांडून कुणी गेलं की गेलेला सुटतो आणि मागे राहिलेल्यांचे हाल कुत्रा खात नाही. भावाची नोकरी जाते, भाचरांना शाळेत कुणी जवळ बसू देत नाही, आणि एखाद्या सकाळी ट्रक दारात येतो तो सगळं बिऱ्हाड उचलून कुठल्या तरी डोंगराच्या खबदाडात नेऊन टाकतो. मेलेल्याच्या घराला असलं काही होत नाही. उलट आळीतले लोक दोन वाट्या मका आणून देतात. म्हणून गुमसिलला मरावं लागलं, आणि ते काम तिच्या आईनं केलं.

काय डोकं होतं त्या बाईचं! शाळेचं तोंड चार वर्षं पाहिलेली, जन्मभर खाणीच्या भटारखान्यात भांडी घासलेली. गुमसिल पहाटे पलीकडे पोचल्याची खूण मिळाली तशी ती दुपारपर्यंत थांबली. मग बायका बर्फ फोडून कपडे धुतात त्या जागी गेली. तिसरा महिना, बर्फ पार कुजलेला, पाय ठेवला की फुटेल असा. काठावर तिनं गुमसिलचे बूट ठेवले, कापूस भरलेला कोट ठेवला, अर्धे धुतलेले, अर्धे सुके असे कपडे पसरून ठेवले आणि मग जो हंबरडा फोडला त्यानं अर्धं गाव गोळा झालं. धाकटा भाऊ इलग्वन धावत आला तो गुडघाभर पाण्यात उतरून बहिणीला हाका मारत सुटला. त्या पोराला खरं काय ते आईनं चाळीस दिवस सांगितलं नाही. त्याला खोटं रडता आलं नसतं, हे ती जाणून होती.

आळीवर नजर ठेवणारी जी प्रमुख बाई असते, तिला संशय आलाच. ती म्हणाली, "विधवा बाई, ना मूल ना बाळ, गेली असेल पलीकडे." तशी आई तिच्या अंगावर धावून गेली. "तुझ्या जिभेला काही हाड? माझी पोर पाण्याखाली आहे आणि तू मला तिची बदनामी ऐकवतेस?" शेवटी अधिकाऱ्यानं कागदावर बुडून मृत्यू असं लिहून शिक्का मारला.

देह नाही, म्हणून बूट पुरले. कुठे पुरायचे, यावरही आई अडून बसली. तंबाखूच्या शेतामागचा डोंगर पार वरपर्यंत चढायचा, तिथं. लोक म्हणाले, म्हातारे, गुडघे आहेत का तुझे तिथवर जायला? ती म्हणाली, माझ्या पोरीला नदी दिसली पाहिजे. खरी गोष्ट वेगळीच होती. त्या टोकावर चीनचे फोन लागतात, हे तिला चोरटा माल आणणाऱ्या एकाच्या बायकोनं कधीतरी सांगितलं होतं. दरवर्षी तिसऱ्या महिन्यातल्या अकराव्या तिथीला आई भाताची वाटी, सुका मासा, दारूची बाटली घेऊन लेकीच्या श्राद्धाला डोंगर चढायची, आणि लेकीच्या थडग्याला टेकून लेकीशी फोनवर बोलायची. श्राद्धाला निघालेल्या म्हातारीची पिशवी कोण तपासणार?

मोजकी तीन मिनिटं. त्याहून जास्त झालं तर फोनचा माग काढणारी सरकारी गाडी पोचते. नाव घ्यायचं नाही, गावाचं नाही, माणसाचं नाही. गुमसिलनं आईला "मावशी" म्हणायचं, असं ठरलेलं. आणि आई?

"ए मेले, जेवलीस का?"

पहिल्या फोनवर पहिलं वाक्य हे. गुमसिल तेव्हा चीन, लाओस, थायलंड असं करत दोन वर्षांनी दक्षिणेत पोचली होती. ती इकडे हमसून हमसून रडतेय, आणि आई तिकडे सांगतेय, "भाजी केलीय बघ मोड आलेल्या सोयाबीनची. वरून पांढरी दिसते, खाली मस्त तिखट घातलंय. धाकटा म्हणतो, श्राद्धाच्या पानात तिखट चालत नाही, आत्मे पळून जातात. म्हटलं, माझी पोर काही आत्मा नाही, घाल गुमान."

तेव्हापासून दरवर्षी फोन लागला की गुमसिल आधी विचारायची, "मावशी, तिखट घातलं का?" आणि आई म्हणायची, "मूठभर." यात किती मिनिटं फुकट जातात म्हणून इलग्वन शेजारी उभा राहून चिडचिड करायचा.

मग ती साथ आली आणि सीमा बंद झाली. नदीकाठी दुहेरी कुंपण उभं राहिलं, जवळ येईल त्याला गोळी घालायचा हुकूम निघाला. फोन लावून देणारा दलाल गायब झाला. पकडला गेला, मेला, की नुसता घाबरून बसला, काही कळायला मार्ग नाही. चार वर्षं गेली. गुमसिल दर वर्षी अकराव्या तिथीला सुट्टी घ्यायची, घरी भात आणि मोडांची भाजी करायची आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत तिखट घालून एकटी जेवायची. आई आहे की नाही हेसुद्धा तिला ठाऊक नव्हतं.

आणि या चार वर्षांत तिच्या मनात एक प्रश्न ठाण मांडून बसला. त्याआधी कधी विचारला नव्हता, कारण तीन मिनिटांत तो मावणारा नव्हता. मी तुला टाकून गेले, त्याचा तुला राग आहे का? एवढंच. राग आहे म्हणाली असती तरी चाललं असतं. पण आईच्या तोंडून काय ते ऐकायचं होतं. आई आता ब्याऐंशीची. यापुढे किती अकराव्या तिथी मिळणार होत्या?

यंदा दुसऱ्या महिन्याच्या शेवटी नव्या दलालाचा निरोप आला. अकराव्या तिथीला सकाळी दहा ते अकराच्या दरम्यान फोन हातात ठेव. आई आहे.

त्या दिवशी गुमसिल सुट्टी न घेता खानावळीत आली. घरी एकटीनं वाट बघत बसणं तिच्यानं झालं नसतं.

"आज तुझं श्राद्ध ना गं?" जॉमरेताई म्हणाल्या. "मग आलीस कशाला? मेलेल्यांना तरी सुट्टी असते."

"तुमच्याकडे नसते."

"बरं बरं. कांद्याच्या खोलीत जाऊन बस. गिऱ्हाईक मी बघते. आणि हे बघ, बोलायचं ते आधी बोल. रडायचं ते फोन ठेवल्यावर. तीन मिनिटांत दोन्ही होत नाही."

कांद्याच्या पातीच्या पोत्यावर बसून गुमसिलनं तो प्रश्न मनात पन्नास वेळा म्हटला. दहा चाळीसला फोन वाजला. एक घरघर, मग दुसरी, मग इलग्वनचा आवाज. किती जाड झाला होता आवाज! चार वर्षांत तो चाळिशीतला माणूस झाला होता.

"ताई, आधी माझं ऐक. मध्ये बोलू नकोस."

"आई कुठाय?"

"इथंच आहे, थडग्यावरचं गवत उपटतेय. ताई, तिला आता काही आठवत नाही. मला कधी ओळखते, कधी नाही. गेलेले बाबा रोज जेवायला येतात म्हणते. आणि तू... तू बुडालीस, असं तिला वाटतं. खरंच वाटतं. नाटक नाही."

बाहेर जॉमरेताई कुणाला तरी मुळ्याचं लोणचं वाढत होत्या.

"तिला पटवायला जाऊ नकोस, हात जोडतो. दिवसभर दारात बसून येईल त्याच्याशी बोलते ती. प्रमुख बाई मुद्दाम तिच्याजवळ येऊन बसते, चौदा वर्षं झाली तरी त्या सटवीचा संशय जात नाही. डोंगरावर कुणीतरी माझ्याशी बोललं म्हणून आईनं सांगितलं, तर लोक हसतील. माझी पोर दक्षिणेत आहे म्हणाली, तर कुणी हसणार नाही. माझी मुलगी आठ वर्षांची आहे, ताई."

"मग मला फोनच कशाला लावलास?"

"तिचा आवाज ऐकशील म्हणून. पुढच्या वर्षी हा डोंगर तिला चढवणार नाही. आज निम्मी वाट पाठीवर आणली." मग तो फोनपासून लांब होऊन म्हणाला, "आई, इकडे ये. एक बाई आहे. ताईच्या ओळखीची."

"कोण बाई?" आईचा आवाज आला. तोच आवाज, थोडा चिरका. गुमसिलनं तोंडावर ॲप्रनचा बोळा दाबला आणि काढला.

"मावशी," ती म्हणाली. "मावशी, भाजीत तिखट घातलं का?"

"तिखट?" आई चांगलीच उखडली. "शहाणी आहेस की कोण? श्राद्धाच्या पानात तिखट? ते घातलं तर माझी पोर येईल कशी जेवायला? एवढंही शिकवलं नाही का गं तुला कुणी?"

ते ऐकल्यावर गुमसिलला कळलं. इलग्वननं सांगितलं तेव्हा कानावर पडलं होतं, आता कळलं. आपण मेलो. इतर सगळ्यांसाठी चौदा वर्षांपूर्वी मेलो होतो, आज आईसाठीही मेलो. तरी तिनं तो प्रश्न विचारला, जसं जमलं तसं, परक्या बाईच्या तोंडून.

"मावशी, तुमचा राग आहे का हो तिच्यावर? तुम्हाला टाकून गेली म्हणून?"

"तिच्यावर कसला राग?" आई म्हणाली. आवाज एकदम खाली आला. "मीच पाठवली ना तिला. कपडे धुवायचे होते. बर्फ कुजलाय हे मला दिसत होतं, आणि तरी मी म्हटलं, जा. बादली मीच दिली तिच्या हातात. असलं पाप कुणी करतं का आपल्या पोरीशी? रोज मनात येतं, आपणच का नाही गेलो." ती रडायला लागली, लहान मुलासारखी, नाक ओढत.

इलग्वन मागून म्हणाला, "दीड मिनिट राहिलंय."

काय करावं माणसानं? एक शब्द, एक "आई" म्हटलं असतं तर बस होतं. आई आणि लेकीच्याच माहितीतल्या शंभर गोष्टी होत्या, त्यांतली एक सांगितली असती तर त्या म्हातारीच्या डोक्यातलं धुकं कदाचित घटकाभर फाटलं असतं आणि तिच्या उरावरचा धोंडा उतरला असता. आणि संध्याकाळी दारात बसून तिनं ते सगळ्या आळीला सांगितलं असतं, आनंदानं. आईची सुटका झाली असती, पण इलग्वनची आठ वर्षांची पोर ट्रकमध्ये चढली असती. शब्द गुमसिलच्या अगदी ओठांवर आला होता. तिनं तो गिळला, आणि तो गिळताना तिला नदीच्या, सरकारच्या, त्या प्रमुख बाईच्या आणि स्वतःच्या नावानं शिव्या घालाव्याशा वाटल्या.

"मावशी, रडू नका. माझं ऐका," ती म्हणाली. "मी त्या दिवशी नदीवर होते. मी पाहिलंय. तुम्ही नव्हतं पाठवलं तिला."

"नव्हतं?"

"नव्हतं. ती स्वतःच निघाली होती. तुम्ही तर थांब म्हणत होता. बादली तुम्ही दिलीच नाही. ती तिच्या पायांनी गेली, तिला जायचंच होतं. तुमचा काडीचा दोष नाही. मी शपथेवर सांगते."

"तू पाहिलंस?"

"या डोळ्यांनी."

"देवा रे," आई म्हणाली. काही सेकंद नुसता वाऱ्याचा आवाज येत राहिला. इतकी मोलाची सेकंदं, पण गुमसिलला ती जाऊ द्यावीशी वाटली. मग आईनं नाक शिंकरलं आणि तिचा आवाज जरा हलका झाला. "बरं केलंस गं सांगितलंस. इतकी वर्षं कुणी सांगितलंच नाही मला. गुणाची दिसतेस. आई आहे का तुला?"

"आहे."

"मग तिच्याशी बोल की जाऊन! माझ्याशी काय बोलत बसलीस?"

"हो मावशी," गुमसिल म्हणाली. "बोलते."