लुकिचची काराकात

सावात्ती लुकिच चेर्नोकोव हा आमच्या पोगोरा गावातला सगळ्यात आडमुठा माणूस, असं मी म्हटलं तर उरलेल्या एकशे चार जणांपैकी बरेच नाराज होतील, कारण या बाबतीत प्रत्येकाला स्वतःबद्दल अभिमान आहे. पण मी इथल्या दवाखान्यात बत्तीस वर्षं कंपाउंडर, नर्स आणि वेळ पडेल तेव्हा डॉक्टर आहे. सगळ्यांना इंजेक्शनं देऊन झाली आहेत. पहिला नंबर लुकिचचाच. रक्तदाब एकशे नव्वद असताना त्याने मला सांगितलं होतं की तुझं यंत्र बिघडलंय.

वय एकाहत्तर. चाळीस वर्षं सामुदायिक शेतीवर ट्रॅक्टर चालवला आणि शेती बुडाल्यावर चालवायला फक्त बायको उरली. ‘चहा.’ ‘मोजे.’ ‘दार.’ कापितोलिना एवढ्या एकेका शब्दावर चव्वेचाळीस वर्षं चालली. गावात सगळे तिला कापा म्हणतात.

त्या वर्षी ऑक्टोबरात कापाला मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नदीपलीकडे तालुक्याच्या गावी जावं लागलं. तिथे तिची बहीण अंगेलिना तिसऱ्या मजल्यावर फ्लॅटमध्ये राहते. ऑपरेशन छान झालं. मग पिनेगा नदी गोठायला लागली, फेरीबोट बंद झाली, आणि दर वर्षीप्रमाणे आम्ही अडकलो. बोट बंद झाल्यापासून बर्फाचा रस्ता पक्का होईपर्यंत पाच-सहा आठवडे पोगोरातून कुणी कुठे जात नाही. त्या दिवसांत मरू नका, असं मी लोकांना दर वर्षी बजावते.

मोबाइलला रेंज फक्त दुकानात, पिठाच्या पोत्यांपाशी येते. लुकिचला कमी ऐकू येतं म्हणून तो फोन स्पीकरवर लावतो. त्यामुळे नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारी कापा जे बोलली ते त्याच्याबरोबर आम्ही सात जणींनीही ऐकलं.

“इथे नळाला गरम पाणी येतं,” कापा म्हणाली. “संडास घरात आहे. मी इथेच राहीन म्हणते.”

“किती दिवस?” लुकिचने विचारलं.

“कायमची.”

लुकिचने फोन खिशात टाकला, अर्धा किलो मीठ मागितलं आणि ते तिथेच विसरून निघून गेला. मला खोटं बोलायचं नाही: आम्हाला मजा वाटली. पण दुसऱ्या दिवशी तो दाढी न करता आला आणि तिसऱ्या दिवशी आलाच नाही, तेव्हा मजा संपली. मी घरी जाऊन पाहिलं. चुलीतला सगळा धूर घरात, आणि हा कोट घालून बसलेला.

“मला पलीकडे जायचंय,” तो म्हणाला.

“बोटीने की पोहत?”

“काराकातने.”

काराकात म्हणजे तीनचाकी गाडी. चाकांच्या जागी ट्रॅक्टरच्या फुगवलेल्या ट्यूब, मध्ये मोटरसायकलचं इंजिन, आणि हे सगळं पाण्याच्या नळांच्या सांगाड्यावर बांधलेलं. चिखल, बर्फ, दलदल, कशावरूनही जाते, कारण तिचं वजनच टेकत नाही. लुकिचने ती चौऱ्याऐंशी साली स्वतः बनवली होती. त्या काळी लग्नाला, मासेमारीला आणि बाळंतपणालाही तीच जायची. अडचण एवढीच होती की आता ती गाडी एका जागी नव्हती. इंजिन गावातल्याच वेन्यामिनच्या लाकूड कापायच्या करवतीला लागलं होतं. पुढचं चाक धरणारा चिमटा लुकिचच्याच बागेत काकडीच्या वेलाला आधार देत होता. ट्यूब तीन होत्या: दोनांची वाट उन्हाळ्यात पोहणाऱ्यांनी लावली होती, आणि तिसरी कापाने पट्ट्या कापून कोबीच्या पिंपांची झाकणं बांधायला वापरली होती.

“सत्यानाश केला बाईने,” लुकिच म्हणाला. त्या आठवड्यात पहिल्यांदाच त्याचा आवाज नीट लागला.

वेन्यामिन इंजिन द्यायला तयार नव्हता. “माझी हिवाळ्याची लाकडं कोण कापणार, लुकिच? तुझी बायको?” शेवटी ठरलं ते असं, की आधी लुकिचने त्याच इंजिनावर वेन्यामिनची सगळी लाकडं कापून द्यायची आणि मग इंजिन न्यायचं. नऊ दिवस लागले. वेन्यामिन ओट्यावर बसून चहा पीत होता आणि ओंडके जरा बारीक कर म्हणून सांगत होता. लुकिच, ज्याने आयुष्यात कुणाचं ऐकलं नाही, तो बारीक करत होता.

दुसऱ्या ट्यूब शेतीच्या जुन्या गोदामात सापडल्या, उंदरांनी चाखलेल्या. ठिगळं लावायला चटका द्यावा लागतो, म्हणून त्याने कापाची इस्त्री घेतली. सतरा ठिगळांनंतर इस्त्री कशाच्याही लायकीची उरली नाही. ट्यूब रिमवर आवळायला पट्टे हवे होते. गावचा आगीचा बंब दहा वर्षं चालू झालेला नाही, पण त्याचा कापडी पाइप ठणठणीत होता. म्हणजे लुकिचने कापेपर्यंत होता. आता पोगोराला आग लागली तर सगळ्यांनी मिळून लुकिचला शिव्या द्यायच्या, एवढंच हातात आहे.

दुकानातल्या बायका तो ग्रीस न्यायला आला की शिकवणी घ्यायच्या.

“तिकडे गेलास की विचार तिला,” दुकानदारीण झोया म्हणाली. “कापा, घरी येतेस का, असं नीट विचार.”

“विचारायचं काय त्यात? घर तिचंच आहे.”

“तरी विचार.”

“घरी यायला कुणी विचारायला लागतं का?” तो खरोखरच गोंधळला होता. मला त्याची कीव आली आणि त्याच क्षणी चार फटके द्यावेसेही वाटले.

अठरा नोव्हेंबरला सकाळी काराकात नदीवर उभी राहिली. मीही बरोबर निघाले. दवाखान्यातलं इन्सुलिन संपत आलं होतं, ते आणायला जाते, असं मी वहीत लिहिलं. खरं कारण म्हणजे मला बघायचं होतं.

अर्धी नदी आम्ही झकास गेलो. मग कुठेतरी खाली कडाड झालं, पुढचं चाक खाली गेलं, आणि आम्ही बर्फावरून पाण्यात आलो. बुडालो मात्र नाही. गाडी तेलातल्या पुरीसारखी वर तरंगत राहिली आणि मागची चाकं पाणी मारत आम्हाला कासवाच्या गतीने पुढे नेऊ लागली. माझे लोकरीच्या नमद्याचे बूट गुडघ्यापर्यंत भिजले. लुकिचने मागे वळून पाहिलं. इतका आनंदी चेहरा मी त्याच्या मुलीच्या जन्मालाही पाहिला नव्हता.

पलीकडच्या काठावर गणवेशातला एक तरुण अधिकारी कर्णा घेऊन ओरडत होता. “नागरिक, बर्फावर येण्यास मनाई आहे.”

“मी बर्फावर कुठे आहे?” लुकिच ओरडला. “मी पाण्यात आहे.”

अधिकाऱ्याने कर्णा खाली घेतला आणि तो बहुधा नियम आठवू लागला. तेवढ्यात चाकांना पुन्हा बर्फ लागला आणि आम्ही त्याच्या बाजूने काठावर चढलो.

अंगेलिनाने दार उघडलं. कापा मागून आली. ऑपरेशननंतर तिने नवऱ्याला पहिल्यांदाच बघितलं. मिशांना बर्फ लोंबतोय, कोटाला ग्रीस लागलंय. तिने बराच वेळ पाहिलं.

“अगबाई,” ती म्हणाली. “तू एवढा म्हातारा कधी झालास?”

मी त्याला कोपराने ढोसलं. बोल, मेल्या. लुकिचने घसा साफ केला.

“चूल धुरकटतेय,” तो म्हणाला.

“वरची झडप उघड.”

एवढंच संभाषण. मग अंगेलिनाने चहा आणि शांगी, म्हणजे वर बटाटा थापून भाजलेल्या लहान पोळ्या, वाढल्या. त्याने सात खाल्ल्या. टोपी मांडीवर ठेवून दीड तास बसला, नळाचं गरम पाणी बोट लावून बघितलं, आणि उठला. दारात म्हणाला, “शनिवारी येतो.” परत येताना मी त्याला नदीभर बोलले. इंजिनाच्या आवाजात त्याला त्यातलं काहीही ऐकू आलं नाही.

पण शनिवारी तो गेला. खारवलेल्या आळंब्यांची बरणी घेऊन गेला. पुढच्या शनिवारी गोठवलेले मासे. त्याच्या पुढच्या शनिवारी मान घासून धुतलेली होती, हे झोयाने आणि मी दोघींनी पाहिलं. मधल्या दिवसांत त्याने गाडीला निळा रंग दिला आणि जुन्या समाजमंदिरातली पाठ असलेली खुर्ची मागे जोडली. खुर्ची दर शनिवारी रिकामी जायची आणि रिकामी यायची. ती परत येताना पाहणं मला जड जाऊ लागलं. दुकानातही आता कुणी थट्टा करत नव्हतं. कापा येणार नाही, हे सगळ्यांनी मनाशी धरलं होतं.

डिसेंबरच्या मध्यात बर्फाचा रस्ता उघडला आणि बस सुरू झाली. मी पहिल्याच बसने कापाकडे गेले. रागात गेले.

“त्या माणसाने लाकडं कापली, बंब फाडला, मला बुडवायचं बाकी ठेवलं,” मी म्हणाले. “आता बस आहे. येणार आहेस की नाही, ते सांग. त्याला खरं कळू दे.”

कापा खिडकीशी बसली होती. त्या खिडकीतून नदी दिसते.

“त्याने विचारलं,” ती म्हणाली. “गेल्या शनिवारी. जाताना दारात थांबला, आणि खुंटीवरच्या कोटांकडे तोंड करून म्हणाला, घरी येतेस का.”

“मग?”

“मी म्हटलं, बघू.”

“कापा.”

“अगं, येणार आहे मी. बर्फ फुटला की पहिल्या बोटीने. इथल्या पाण्याला गंजाचा वास येतो आणि अंगेलिना घोरते.” मग ती हसायची थांबली. “स्तेपानोव्ना, चव्वेचाळीस वर्षांत हा माणूस चुलीपासून माझ्या खाटेपर्यंत उठून आला नाही. मी तापाने फणफणत असताना तिथूनच ओरडायचा, काय झालं म्हणून. आता नदी ओलांडून येतोय. मला एक हिवाळा येऊ दे की त्याला.”

माझ्याही घरी एक नवरा आहे आणि चुलीपासून खाटेपर्यंतचं अंतर तितकंच आहे.

संध्याकाळच्या बसने परतले तर लुकिच थांब्यावर उभा. बसमधून कोण उतरतंय ते त्याने शेवटच्या माणसापर्यंत पाहिलं.

“डॉक्टर म्हणतात,” मी म्हणाले, “डोळ्याला थंडी लागता कामा नये. बर्फ फुटेपर्यंत प्रवास बंद. नंतर घरी.”

“घरी म्हणाले? आमच्या?”

“तुमच्या.”

त्याने टोपी काढली, पुन्हा घातली. मग म्हणाला, “मग शनिवारी मी पण बसनेच जातो. गरम असते.”

“बसने गेलास तर ती दार उघडणार नाही,” मी आणखी एक थाप मारली.

तो ट्यूब फुगवायचा पंप आणायला वेन्यामिनकडे गेला.