ढोबळे भाऊंनी खोडलेलं नाव

ढोबळे भाऊ गेल्याची बातमी मला निवृत्त कर्मचाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळली. जोडलेल्या हातांची सहा चित्रं आणि त्याखाली फोटो. फोटो मात्र दुसऱ्याच ढोबळेंचा, कॅन्टीन सांभाळणाऱ्या. तो बदलावा असं कुणाला वाटलं नाही. दुपारपर्यंत त्या चुकीच्या चेहऱ्यापुढे लोक ‘विनम्र श्रद्धांजली’ टाकत राहिले. कॅन्टीनवाले ढोबळे अजून ठणठणीत आहेत. संध्याकाळी त्यांनीही टाकली.

पुढच्या आठवड्यात टाउनशिपच्या सभागृहात शोकसभा झाली. आमच्या वेळचे क्रीडा अधिकारी त्यात बोलले. त्यांचं नाव मी इथे लिहिणार नाही. आयुष्यभर ते दुसऱ्यांच्या कामावर आपलं नाव लिहीत आले, निदान या लेखात तरी त्यांना ती सोय नको. ते म्हणाले, “ढोबळे भला आदमी था, पर उसमें एम्बिशन नहीं था. जीवनभर चार्जहँड रहा.” समोरच्या माना हलल्या. मग ते आपल्या कारकिर्दीत जिंकलेल्या ढालींबद्दल सतरा मिनिटं बोलले. मी घड्याळ लावून बसलो होतो. त्या ढालींसाठी या गृहस्थांनी केलेलं एकमेव काम म्हणजे बक्षीस समारंभात त्या हातात धरणं, आणि तेव्हाही एक उलटी धरलेली होती.

म्हणून हे लिहितो आहे. भाऊंचं काम काय होतं ते कुणीतरी नीट सांगायला हवं, आणि त्या कामात मी काय घोळ घातला तेही.

मी मुलताईचा. वडील बाजारात हातगाडीवर भाजी विकत. घरातला पहिला ग्रॅज्युएट मी. भोपाळच्या त्या सरकारी कारखान्यात कारकून म्हणून लागलो तेव्हा मला क्रीडा विभागात बसवलं, कारण तिथे जायला कुणी तयार नव्हतं. तिथे गजानन ढोबळे हॉकी संघाचे सचिव होते. मूळचे वर्ध्याकडचे, शॉपमध्ये चार्जहँड, म्हणजे कामगारांच्या टोळीचा म्होरक्या. संघाची यादी ठेवणं हे त्यांचं दुसरं काम, पण जगत होते ते त्याच्यावर. मला अर्ज लिहायचा, टिपण लिहायचं, कुठल्या साहेबाला ‘सादर’ आणि कुठल्याला ‘अवलोकनार्थ’ हे सगळं त्यांनी शिकवलं. एकदा वडील मला भेटायला आले, तर भाऊ त्यांना सामन्याला घेऊन गेले आणि पहिल्या रांगेत साहेब लोकांच्या खुर्च्यांमध्ये बसवलं. “हे वानखेडेचे वडील. यांचा मुलगा बी.ए. आहे,” असं सगळ्यांना सांगत सुटले. शेजारचे साहेब खुर्ची जरा लांब सरकवून बसले. वडिलांच्या ते लक्षात आलं नाही… माझ्या आलं.

आता कामाबद्दल. देशभर आमच्या कंपनीचे कारखाने होते आणि दर हिवाळ्यात त्यांच्या संघांचे आपसांत सामने होत. मुख्यालयाने एक नियम केला होता : सोळा खेळाडू आणि सचिव, या सतरा जणांचा मूळ पगार मिळून ठरलेल्या रकमेच्या वर जाता कामा नये. याला सगळे ‘सीलिंग’ म्हणत. गंमत अशी की पगार दरवर्षी वाढायचे, सीलिंग तिथेच राहायचं. म्हणजे खेळाडू जितका जुना आणि तयार, तितका महाग. नवी भरती बंद. मग उरला एकच मार्ग, आपसी बदली. आपला एक माणूस दुसऱ्या युनिटला द्यायचा आणि त्यांचा एक घ्यायचा. खेळाडूंसाठी त्यात ग्रेड सारखी असण्याची अट नव्हती. बाकीच्या युनिटचे सचिव हे काम बाजारात बैल घेतल्यासारखं करत. ज्याचं नाव पेपरात आलं तो हवा. चार नावाजलेले फॉरवर्ड घ्यायचे, सीलिंग तिथेच संपवायचं, आणि मागे बचावाला हिशेब विभागातले पोट सुटलेले दोघे उभे करायचे. मग हरल्यावर पंचांना शिव्या.

भाऊंची रीत वेगळी होती. ते स्वतःच्या रजेवर, स्लीपरच्या डब्यातून, दुसऱ्या युनिटचे साधे सरावाचे सामने पाहायला जात. मी एकदा विचारलं, “भाऊ, तुम्ही नेमकं काय पाहता?”

“चुकल्यावर माणूस कुठं पाहतो ते पाह्य,” ते म्हणाले. “स्टिककडे पाहतो तो बेकार. दुसऱ्या प्लेअरकडे पाहतो तो त्याहून बेकार. बॉलकडे पाहत पळतो ना, तो आपला.”

असा माणूस सापडला की ते फोनवर त्याची यथेच्छ निंदा करत. “साहब, आपका वो फुलबॅक दौडता कम है, खाँसता ज्यादा है. चलो, आपके सिर का बोझ मैं ले लेता हूँ. बदले में हमारा लेफ्ट-इन ले जाओ, पेपर में फोटो छपा है उसका.” पलीकडचा सचिव फोटोला भुलायचा. एका नामवंत लेफ्ट-इनच्या बदल्यात भाऊंनी असा खोकणारा फुलबॅक आणि वर एक तोतरा हाफ आणला होता. त्या दोघांनी पुढची चार वर्षं आमच्या गोलपुढच्या डीमध्ये कुणाला धड उभं राहू दिलं नाही.

पण कुणालाही यादीतून देण्याआधी भाऊ त्याच्या घरी जात. चहा घेत, मुलांची शाळा विचारत, आईवडिलांची दुखणी विचारत. ज्याचं घर हलवलं तर मोडेल असं त्यांना वाटे, त्याच्या नावापुढे पेन्सिलीने ‘घ’ लिहीत. ‘घ’ असलेला माणूस कितीही महाग झाला तरी जायचा नाही. यावर साहेब लोक हसत. “ढोबळे टीम बना रहा है या धर्मशाला?” असं आमचे क्रीडा अधिकारी म्हणत. खेळाडूला घर असतं ही माहिती त्यांच्या खात्यापर्यंत कधी पोचलीच नव्हती.

इक्बालच्या नावापुढे ‘घ’ होता. इक्बाल आमचा गोलकीपर, कारखान्यात फिटर, राहायला जुन्या शहरात. घरात फक्त तो आणि त्याची आई. आईची नजर पूर्ण गेलेली, पण त्या घरात ती हाताने चाचपत सगळं करायची, स्वयंपाकसुद्धा. उंबरा किती उंच, रांजण कुठे, खिळा कुठे, हे तिच्या बोटांना ठाऊक होतं. भाऊ तिथे जाऊन आले आणि मला म्हणाले, “त्या बाईला दुसऱ्या घरात नेलं तर ती आंधळी होईल बे. आता नाही आहे.”

त्या वर्षी इक्बाल बढतीला पात्र झाला. भाऊंनी त्याला सांगितलं, एक वर्ष थांब, एक म्हातारा हाफ निवृत्त होतोय, मग सीलिंगमध्ये जागा होईल. इक्बाल ‘जी भाई साहब’ म्हणून थांबला. मला हे पटलं नाही. खरं तेच लिहितो, मला तेव्हा भाऊंबद्दल तुच्छता वाटली. गरीब माणसाची बढती हॉकीसाठी अडवायची? आमच्या घरात ‘बढती’ या शब्दाइतका पवित्र शब्द नव्हता. माझ्या वडिलांना हातगाडीवर कधी बढती मिळाली नाही. मी बी.ए. झालो होतो, मला न्याय कळत होता… असं मला वाटत होतं. भाऊ एक फुलबॅक पाहायला दक्षिणेत गेले होते. त्या चार दिवसांत मी इक्बालला गाठलं, अर्ज लिहिला, त्याची सही घेतली आणि अर्ज वर पाठवला. एरवी आमच्या ऑफिसात पंख्याचा रेग्युलेटर बदलायला सहा महिने लागत. तो अर्ज आठवड्यात मंजूर झाला.

इक्बाल पेढ्यांचा खोका घेऊन ऑफिसात आला त्याच दिवशी भाऊ परतले होते. त्यांनी पेढा खाल्ला, त्याला मिठी मारली, “अम्मी को सलाम बोलना,” म्हणाले. तो गेल्यावर त्यांनी माझ्याकडून अर्जाची प्रत मागून घेतली आणि उभ्यानेच वाचली.

“अर्ज चांगला लिहिलास,” ते म्हणाले. “एकपण चूक नाही.”

एवढंच. ते मोठ्याने ओरडले असते तर बरं झालं असतं.

बेरीज सीलिंगच्या वर गेली होती. महिनाअखेर यादी मुख्यालयाला जायची होती आणि कुणीतरी एक कमी व्हायला हवा होता. क्रीडा अधिकाऱ्यांनी आम्हाला बोलावलं.

“कीपर को साउथ भेज दो. उनका फुलबॅक मिल ही रहा है.”

“कीपर नहीं जाएगा, साहब. हीरो को भेजो,” भाऊ म्हणाले.

हीरो म्हणजे आमचा सेंटर फॉरवर्ड, संघातला सगळ्यांत महाग माणूस. केस उडवत पळायचा, गोल चुकला की आभाळाकडे पाहायचा. हिवाळ्याच्या आधी दुखापत आणि समारंभाच्या आधी प्रकृतीत सुधारणा, असं त्याचं वेळापत्रक होतं.

“पागल हो क्या ढोबळे? जीएम साहब की मिसेज ने उसके साथ फोटो खिंचवाया है. कॅलेंडर में छपा है.”

म्हणजे एका आंधळ्या बाईचं घर एकीकडे आणि एक कॅलेंडर दुसरीकडे; आणि त्या खोलीत कॅलेंडर जड ठरलं. त्यात आपण काही वाईट करतोय असंही त्या माणसाला वाटत नव्हतं, बोलताना तो नखं कापत होता.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, “भाऊ, इक्बालला सांगू या. तो बढती परत करेल.”

“आईनं गल्लीत पेढे वाटले त्याच्या. आता घरोघरी जाऊन परत मागून आणू?” त्यांनी यादी काढली, माझ्या टेबलाशी बसले, आणि सतरावी ओळ खोडली. सचिव : ग. ना. ढोबळे. खाली नवी बेरीज केली. ती सीलिंगच्या आत बसली. “आणि तू तोंड उघडायचं नाही, वानखेडे. पोराला प्रमोशन गोड लागू दे.”

क्रीडा अधिकाऱ्यांनी यादी न वाचता सही केली. भाऊ शॉपवर परत गेले. सचिव झाला अधिकाऱ्यांचा मेहुणा, फुकट, कारण तो कारखान्यात नोकरीलाच नव्हता. त्याने दोन वर्षांत खोकणारा फुलबॅक आणि तोतरा हाफ देऊन टाकले आणि आणखी दोन हीरो आणले. तिसऱ्या हिवाळ्यात आम्ही पहिल्याच फेरीत सात गोलांनी हरलो, आणि कॅलेंडर मात्र चकचकीत कागदावर निघालं.

भाऊंनी संघ का सोडला हे कुणाला कळलं नाही. इक्बालने त्यांना गेटवर गाठलं. मी शेजारी सायकल धरून उभा होतो.

“बीच मैदान में छोड गए, भाई साहब?”

“घुटने दुखते हैं, मियाँ,” भाऊ म्हणाले.

“सचिव को घुटनों से क्या काम?” इक्बाल म्हणाला, आणि वळून निघून गेला. त्यानंतर तो भाऊंशी बोलला नाही. मी दोघांशी बोलत राहिलो. भाऊंनी शपथ घातली आहे, असं स्वतःला सांगत आलो. ती शपथ माझ्या फार सोयीची होती. चूक माझी, तोंड बंद ठेवायची आज्ञा त्यांची… शोकसभेतल्या त्या माणसापेक्षा मी कितीसा बरा? त्याने निदान भाऊंना फसवलं नव्हतं.

सभा संपल्यावर मी सामोसे न खाता निघालो आणि जुन्या शहरात इक्बालच्या घरी गेलो. तो सभेला आला नव्हता. बाजेवर बसून पेपर वाचत होता, दाढी पांढरी झालेली. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं : अर्ज, सीलिंग, हीरो, खोडलेली ओळ. तो मध्ये एकदाच बोलला, “अर्जी तुमने लिखी थी.” मी हो म्हणालो.

त्याने पेपरची घडी घातली. मग म्हणाला, “तीस साल, वानखेडे? बाग सेवनिया में रहते थे वो. विलायत में तो नहीं रहते थे. पौन घंटे का रास्ता है, खाँ.”

मी सभागृहात ज्या नजरेने सगळ्यांकडे पाहत होतो, त्याच नजरेने तो माझ्याकडे पाहत होता.

तो उठला आणि आतल्या खोलीचं दार लोटलं. आईची खोली. ती बदली टळल्यानंतर म्हातारी अकरा वर्षं जगली. याच घरात, याच खोलीत. खाट भिंतीला लागून होती. दाराच्या चौकटीवर, एका विशिष्ट उंचीवर, रंग गुळगुळीत झिजलेला होता. तिथे ती हात टेकत असणार.

“यहीं बैठकर पूछती थीं,” इक्बाल म्हणाला, “तेरे वो ढोबले साहब आते क्यों नहीं अब? मैं कहता, अम्मी, वो छोड गए हमको.” त्याने खाटेकडे हात केला. “जाओ. जो मुझे बताया, इनको बताओ.”

मी आत गेलो. आयुष्यात इतके अर्ज, इतकी टिपणं लिहिली, पण कसं सुरू करायचं ते सुचेना. शेवटी रिकाम्या खाटेसमोर उभा राहून म्हणालो, “अम्मी, ढोबळे साहब छोडकर नहीं गए थे.”

दारातून इक्बालचा आवाज आला, “जोर से बोलो. आखिर में ऊँचा सुनने लगी थीं.”